मिस्तरीसाहेबांच्या मुलाचा दगड

आबा,

गेल्या आठवड्यात मी साताऱ्याला जाऊन आले. आपल्या घराकडे गेले नाही, तिथं आता दुसऱ्यांचा संसार आहे. मी गेले ते छावणीमागच्या गोऱ्यांच्या कब्रस्तानात. बरोबर एक विलायतेची बाई होती, पन्नाशीच्या पुढची, उन्हानं नाक लाल झालेली, काखेत कागदांची जाड फाईल. तिची आजी साताऱ्यात जन्मलेली. त्या आजीच्या माहेरची माणसं तीन पिढ्या इथं राहिली, इथंच राबली आणि इथंच पुरली गेली. त्यांचा माग काढत ती आली होती. तिकडं म्हणे लोक आता आपापल्या घराण्याच्या वंशावळी काढतात, आणि तिला तिच्या वंशावळीत एकही सरदार सापडला नव्हता, सगळे हातानं काम करणारे. हे तिनं मला हसत हसत सांगितलं. कब्रस्तानाच्या राखणदारानं तिला माझा पत्ता दिला होता. इथले दगड घडवणाऱ्या पाथरवटाची मुलगी सांगलीत असते, शाळेत बाई होती, तिला थोडं इंग्रजी येतं, असं त्यानं सांगितलं आणि ती थेट माझ्या दारात उभी राहिली. मी चहा ठेवला. तिनं फाईल उघडली आणि ओळींवर बोट ठेवून सांगायला लागली, हा पहिला नालबंद, हा त्याचा मुलगा, रस्त्यावरचा रोलर चालवायचा, हा त्याचा मुलगा मिस्तरी. मी मान हलवत होते. ही माणसं मला तुमच्याकडून पाठ होती.

आपल्या घरात त्यांच्या पिढ्या दगडांवरून मोजल्या जायच्या. नालबंदाचा दगड तुमच्या आज्यानं घडवला. तो नालबंद तोफखान्याच्या घोड्यांबरोबर आला, पटकीच्या साथीत गेला आणि मागं राहिलेलं पोर छावणीच्या तबेल्यातच वाढलं. ते मोठं होऊन खडीच्या रस्त्यांवर वाफेचा रोलर चालवायला लागलं. त्याचा दगड तुमच्या वडिलांनी घडवला. आणि त्याचा मुलगा म्हणजे आपले मिस्तरीसाहेब. साहेब हे आपण म्हणायचं म्हणून. मोऱ्या आणि रस्त्याचे कठडे बांधणाऱ्या टोळ्यांवर ते मिस्तरी होते. खऱ्या साहेबांच्या क्लबात त्यांना कुणी बोलवत नसे, आणि विलायत त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. खाणीवर आले की तुमच्याशेजारी उकिडवे बसायचे, आपल्यासारखंच बोलायचे, ठेच्याशी भाकरी खायचे आणि कुठल्या डोंगराचा दगड चांगला यावरून तुमच्याशी तासभर वाद घालायचे. "गड्या, ह्या दगडात पाणी हाय, हा फुटंल," असं ते म्हणाले की तुम्ही हातोडीनं तो दगड वाजवून दाखवायचात. बहुतेक वेळा तुमचं खरं असायचं.

त्यांची बायको गेली तेव्हा दगड तुम्ही घडवलात आणि त्यावरची इंग्रजी अक्षरं मी काढली. मी अकरा वर्षांची होते, मिशनच्या शाळेत जात होते. पाथरवटाच्या पोरीला शाळेत कशाला घालतोस म्हणून भावकी तुम्हाला हसली होती. तुम्ही पाटी विकत न आणता काळ्या दगडाची स्वतः घडवलीत, आरशासारखी गुळगुळीत. ती मला उचलेना, म्हणून शाळेत नेता आली नाही. चुलीपुढं ठेवून मी त्यावर गिरवायचे. तुम्हाला वाचता येत नव्हतं. पण छिन्नीखालून एकदा गेलेलं अक्षर तुम्ही विसरत नव्हता. कागदावरचं मी काडीनं, कावेच्या लाल रंगात दगडावर उतरवायचं आणि त्यावरून तुम्ही छिन्नी न्यायची. एकेक अक्षर झालं की तुम्ही विचारायचात, "ह्याला काय म्हणत्यात?" मी सांगायचे. तुम्ही ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हणायचात आणि पुढच्या अक्षराकडे वळायचात. तुम्ही मला अक्षरं शिकवलीत की मी तुम्हाला, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

मग बेचाळीस साल आलं. दादा तेवीस वर्षांचा होता आणि तुमच्या हाताखाली चांगला तयार झाला होता. एक दिवस तो खाणीवर आलाच नाही. रस्त्याकडेच्या तारा तोडल्या म्हणून त्याच्या नावानं वॉरंट निघालं. पोलीस आपल्या घरी तीनदा आले, कणगी उपडी केली, आईचे डबे अंगणात फेकले. तुम्ही प्रत्येक वेळी एकच सांगितलंत, ठाऊक न्हाई. तेव्हा ते खरंच होतं. पण थंडी पडायला लागली आणि एका सकाळी मी खाणीवर गेले, तर छपरामागं कडब्याच्या गंजीत दादा पडलेला. डोंगरात अनवाणी पळताना पायात काटा मोडला होता आणि पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता. त्याला उभं राहवत नव्हतं. तुम्ही त्याच्याकडे पाहिलंत, कडबा नीट सारखा केलात आणि रोजच्यासारखे कामाला बसलात. तुमच्या हातोडीचा ठोका मात्र त्या दिवशी सारखा चुकत होता. मी आणि आई आळीपाळीनं शेणकुटांच्या पाटीत भाकरी लपवून नेऊ लागलो. वाटेत कुणी हाक मारली तरी मी न थांबता पुढं जायचे.

त्याच आठवड्यात मिस्तरीसाहेब आपल्या घरी आले. खाणीवर नाही, घरी. आई चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. घरात आपण तीन माणसं आणि दुरडीत दहा-बारा भाकऱ्या रचलेल्या. मी पुढं होऊन दुरडीवर फडकं टाकलं, पण त्यांनी पाहिलं होतं हे मला दिसलं. ते उंबऱ्याशीच उभे राहिले, टोपी हातात. टोपी काढल्यावर ते इतके म्हातारे दिसतील असं मला वाटलं नव्हतं. खिशातून एक कागद काढून त्यांनी तुमच्यापुढं धरला, मग तुम्हाला वाचता येत नाही हे आठवून परत घेतला.

"पोरगा गेला गड्या," ते म्हणाले. "ब्रह्मदेशात. कुटं पुरला त्ये बी लिवलेलं न्हाई."

तुम्ही उठून उभे राहिलात. तो मुलगा लहानपणी खाणीत दगडांवरून उड्या मारायचा, दादाबरोबर विटीदांडू खेळायचा. आई थापता थापता थांबली. आपल्या आळीतलेही दोघे त्याच लढाईत गेले होते, त्यांच्या आयांचं रडणं आम्ही ऐकलं होतं. पण आईनं तोंड चुलीकडे फिरवलं.

"त्याच्या आजाशेजारी एक दगड बसवायचाय," ते म्हणाले. "ल्हानसाच. खाली माणूस न्हाई, पर नाव तरी पायजे. तू करशील नव्हं?"

त्या दिवसांत गोऱ्यांचं काम करायचं नाही, असा निरोप चळवळीतल्या पोरांनी गावोगाव दिला होता. एका धोब्याला भर बाजारात अडवलं होतं. हे मिस्तरीसाहेबांनाही ठाऊक असणार, म्हणूनच ते स्वतः घरी आले होते. तुम्ही म्हणालात, "करतो. दगड तुमी येऊन बघा."

ते गेल्यावर आई एवढंच म्हणाली, "आपला पोरगा कडब्यात लपतोय, आन् तुमी त्यांच्या पोराचा दगड घडवायचा?" आणि मी आईची बाजू घेतली. मी म्हणाले, ते सरकारचे आहेत, त्यांच्यामुळंच दादावर ही वेळ आली. तेव्हा तुम्ही माझ्यावर ओरडला नाहीत. म्हणालात, "त्यो सरकार न्हाई. माझ्यावानी मिस्तरी हाय. त्याचा बा, आजा हितंच गेला. आता म्होरं कोन न्हाई त्याला." मला त्या वेळी ते पटलं नाही. मला फक्त दुरडीवरचं फडकं आणि त्यांची नजर आठवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते खाणीवर दगड निवडायला येतात. तुम्ही वरच्या बाजूला सुरुंगाची भोकं पाडताय, खाली मी एकटीच, कावेचं भांडं धुते आहे. ते एकेक दगड हातानं चाचपत, वाजवत छपराकडे सरकतात. मी म्हणते, "तिकडं चांगला न्हाई, सगळी भुगी हाय." ते ऐकत नाहीत, वळसा घालून मागं जातात. कडब्याच्या गंजीपाशी थांबतात. माझ्या हातातलं भांडं निसटतं. ते खाली वाकतात, काहीतरी पुटपुटतात, मला शब्द ऐकू येत नाहीत. मग सरळ होतात, माझ्याकडे न पाहता परत येतात आणि पहिल्याच दगडावर हात ठेवून म्हणतात, "हाच बरा हाय. बापाला सांग." आणि निघून जातात. मी कडब्याकडे धावते, तेवढ्यात तुमचा चुलतभाऊ खडी न्यायला बैलगाडी घेऊन येतो आणि छपरापुढंच गाडी सोडतो. तो तासभर खडी भरत, विड्या ओढत बसला. तो गेला तोवर दादा तापानं ग्लानीत गेला होता, त्याच्याशी मला एक शब्दही बोलता आला नाही.

संध्याकाळी मी तुम्हाला सगळं सांगितलं. "मिस्तरीनं दादाला बघितलंय. त्याला आजच्या आज हलवा."

"बघू दे. त्यो बोलायचा न्हाई."

"कशावरनं?"

"मी वळखतो त्याला," तुम्ही म्हणालात. आणि दादाला हलवायचं तर त्याला उचलूनच न्यावं लागलं असतं, भर रस्त्यानं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता पोलीस आले. इकडंतिकडं शोधत नाही, कुणाला विचारत नाही, थेट छपरामागं. काठ्यांनी कडबा उधळला. दादा ताप भरून निपचित पडला होता, त्याला त्यांनी गाडीत टाकलं. लपवून ठेवलं म्हणून तुम्हालाही नेलं, चालवत. आई रस्त्यावर बसली. मी रडले नाही. माझ्या डोक्यात एकच होतं, वाकून पुटपुटलेला तो म्हातारा.

नेल्यापासून चौथ्या दिवशी तुम्ही परत आलात. डावा हात फडक्यात गुंडाळलेला. फौजदारानं विचारताना दंडुक्यानं बोटं फोडली होती, ज्या हातात तुम्ही छिन्नी धरता त्याच हाताची. दोन बोटं वाकडी झाली ती शेवटपर्यंत सरळ झाली नाहीत. वैद्यानं महिनाभर हात हलवायचा नाही असं बजावलं. घरी आल्यापासून आठव्याच दिवशी तुम्ही खाणीवर गेलात आणि तो दगड बाहेर काढलात. मी म्हणाले, "आबा, ज्यानं दादाला धरून दिला त्याचा दगड?" तुम्ही म्हणालात, "त्यानं दिल्याला न्हाई." मी म्हणाले, मग कुणी दिला?  तुम्ही दगडावरची माती पुसलीत आणि म्हणालात, "शब्द दिलाय." आईनं आपल्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तुमच्या तळहाताला छिन्नी बांधून दिली.  गाठ तिनं दोनदा आवळली.

मिस्तरीसाहेबांनी इंग्रजी मजकूर कागदावर लिहून पाठवला होता, मोडलेल्या, एकमेकांत गुंतलेल्या अक्षरांत. ती लिखाई तुम्हाला उमगणारी नव्हती; तिची सुटी अक्षरं मीच करून द्यायची होती. मी कावेत काडी बुडवली. मुलाचं नाव नीट काढलं. आडनावाला आले आणि माझा हात थांबला. ते आडनाव नालबंदाच्या दगडावर होतं, रोलरवाल्याच्या दगडावर होतं, आठ वर्षांपूर्वी मीच त्यांच्या बायकोच्या दगडावर काढलं होतं. मला वाटलं, आमचा मुलगा आमच्यातून नेलास ना, मग तुझाही तुझ्या घराण्यात राहायचा नाही. हे मला त्या क्षणी इतकं स्पष्ट वाटलं, की मी इकडंतिकडं पाहिलंही नाही. मधल्या एका अक्षराला मी एक रेघ जादा दिली. त्याचं दुसरंच अक्षर झालं आणि ते आडनाव दुसऱ्याच कुणाचं झालं.

तुम्ही छिन्नी नेत नेत तिथवर आलात. ठोका थांबला. तुम्ही त्या रेघेवरून अंगठा फिरवलात.

"ही रेघ हाय हितं?"

"हाय."

"मागल्या दगडावर नव्हती."

"कागदावर हाय," मी म्हणाले.

तुम्ही मान वर करून माझ्याकडे पाहिलंत. कपाळावर घाम, फडक्यातून रक्त झिरपलेलं. मी तुमच्या नजरेला नजर दिली, आबा. ती कशी दिली ते मला आजही कळत नाही. मग तुम्ही खाली वाकलात आणि ठोका घातलात. तुमच्या हाताला ते आडनाव पाठ होतं. पण अक्षर तुम्हाला येत नव्हतं, मला येत होतं, आणि तुम्ही हाताचं न ऐकता माझं ऐकलंत. त्या दिवशी कुठल्याच अक्षराचं नाव तुम्ही मला विचारलं नाहीत.

दगड बसवला त्या सकाळी मी तुमच्याबरोबर आले, कारण एका हातानं तुम्हाला तो सावरला नसता. माती दाबून झाली आणि मिस्तरीसाहेब आले. काळा कोट घातला होता. टोपी काढून वाकले आणि ओळीवर बोट फिरवत वाचू लागले. बोट आडनावापाशी आलं आणि तिथंच राहिलं. मी मागं उभी होते. मला वाटत होतं की आता ते ओरडतील, पोलिसांत जातील, तुमचा दुसरा हातही जाईल. हा विचार मला आधी का सुचला नाही?

"गड्या, हे अक्षर..." ते म्हणाले.

तुम्ही दगडाकडे पाहिलंत. माझ्याकडे नाही. "चुकलं," तुम्ही म्हणालात. "मला अक्षर कळत न्हाई. माझीच चूक हाय. कमी पडलं असतं तर घातलं असतं, जादा झाल्यालं दगडातनं निगत न्हाई. दुसरा घडवून देतो."

ते तुमच्या हाताकडे बघत राहिले. "ह्या हातानं?"  मग ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यो तरी कुटं हाय हितं." त्यांनी टोपी घातली, पुन्हा काढली आणि दगडापुढं तशीच हातात धरून उभे राहिले. आपण दोघं निघालो. कब्रस्तानाच्या फाटकापासून पोवई नाक्यापर्यंत तुम्ही माझ्यापुढं चालत होता. नाक्यावर थांबलात आणि मागं न वळता म्हणालात, "मी इचारलं हुतं तुला." एवढंच. नंतर त्याबद्दल तुम्ही कधीही बोलला नाहीत. आईला सांगितलं नाहीत, दादाला नाही. तुम्ही मारलं असतं तर मी रडले असते आणि सगळं सांगून टाकलं असतं. पण तुम्ही पुढं चालू लागलात आणि मी तुमच्यामागं.

तुमची बोटं पुन्हा अक्षर कोरण्याजोगी झाली नाहीत. जात्यांना टाकी लावायची, पाटे-वरवंटे करायचे, एवढंच राहिलं. पुढच्या वर्षी मिस्तरीसाहेब गेले. त्यांच्यामागं दगड करायला सांगणारं कुणीच नव्हतं. तुम्ही स्वतःहून एक दगड घडवलात, चारी कडा सरळ, तोंड घासून गुळगुळीत. मी वाट पाहत होते. मला वाटत होतं, तुम्ही म्हणाल, काव भिजव. मी त्यांचं आडनाव नीट काढणार होते, मनात शंभरदा काढून ठेवलं होतं. तुमची बोटं चालत नव्हती, पण दुसरा कारागीर मिळाला असता. तुम्ही मला विचारलं नाहीत. तो दगड बिनअक्षरांचाच गाडीत घालून नेलात आणि बसवून आलात. मग माझं लग्न ठरलं आणि मी सांगलीला आले.

दादा सुटला ते साल शेहेचाळीस. दिवाळीला मी माझ्या तान्ह्याला घेऊन माहेरी आले होते. आपण सगळे ओसरीवर बसलो होतो, तुम्ही जात्याच्या पाळूला टाकी लावत होता. दादा लंगडत होता, पण हसत होता. तुरुंगात एका शिपायाकडून त्याला कळलं होतं की खबर देणारा आपल्याच भावकीतला, तो खडी न्यायला आलेला तुमचा चुलतभाऊ. मी विचारलं, "आणि मिस्तरीसाहेब? ते वाकून काय म्हणाले होते?" दादा हसला. "म्हणाला, पाय आत घे, बाहेर दिसतोय. आन् सुजलाय लय, लिंबाच्या पाल्याच्या पाण्यानं धू." आई डोळ्याला पदर लावून उठून आत गेली. तुमचा ठोका थांबला नाही. मी तुमच्याकडे पाहत राहिले, तुम्ही एकदा तरी वर बघाल म्हणून. तुम्ही पाळू फिरवलात आणि दुसऱ्या बाजूला टाकी लावायला सुरुवात केलीत. तेव्हाच सांगायला हवं होतं. दादापुढं धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही पहाटेच खाणीवर गेलात, आणि आमची गाडी सकाळची होती. त्यानंतर दर सुटीला मी ठरवून यायचे. कधी घरात माणसं असायची, कधी तुम्ही थकलेले असायचा, आणि खरं सांगायचं तर कधी काहीच अडचण नसायची. दोन वर्षांनी तार आली. मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं.

तर गेल्या आठवड्यात मी त्या बाईला सगळे दगड दाखवले. नालबंदाचा, रोलरवाल्याचा, मिस्तरीसाहेबांच्या बायकोचा. तिनं फोटो काढले, कागदावर खुणा केल्या. मिस्तरीसाहेबांची जागा तिला कुठल्याच नोंदीत सापडत नव्हती. मी गवत बाजूला करून तिला तो कोरा दगड दाखवला आणि म्हणाले, हा त्यांचा. तिनं गुडघे टेकले आणि दगडाच्या कडेवरून हात फिरवला. म्हणाली, किती सरळ आहे ही कड. मला तुमचा अभिमान वाटला. यावर अक्षरं का नाहीत, तिनं विचारलं. मी सांगितलं, घडवणाऱ्याची बोटं मोडली होती. हे खोटं नव्हतं.

मग आम्ही त्या लहान दगडापाशी आलो. तिनं फाईल उघडली, दगड वाचला, पुन्हा फाईल पाहिली. तिच्या कागदांत त्या मुलाच्या नावापुढं एक प्रश्नचिन्ह होतं. कुणीतरी पूर्वी या कब्रस्तानातल्या नावांची यादी करून विलायतेला पाठवली होती, त्यात तो दगडावरच्या याच चुकीच्या आडनावानं गेला होता. तिनं मला विचारलं, हा खरंच त्यांचा मुलगा का? की दत्तक घेतलेला, दुसऱ्या कुणाचा?

"त्यांचाच," मी म्हणाले. "मी त्याला पाहिलंय. इथल्याच खाणीत खेळायचा."

मग हे नाव असं का?

आसपास कुणी नव्हतं. राखणदार फाटकाशी झोपला होता. ती एक अनोळखी बाई, उद्या मुंबईला जाणार, परवा तिच्या देशात. इथं खरं बोलून माझं काही बिघडणार नव्हतं. आणि मी म्हणाले, "दगड घडवणारा अडाणी होता. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. त्याच्याकडून चूक झाली."

तिनं सहानुभूतीनं मान हलवली, प्रश्नचिन्ह खोडलं आणि समासात बारीक अक्षरांत ते वाक्य लिहून घेतलं. तिच्या घराण्याच्या कागदांत मुलगा आपल्या जागी परत गेला, तेवढं बरं झालं. पण त्याच्या शेजारी तुम्ही तसे लिहिले गेलात. चाळीस वर्षांपूर्वी तुम्ही माझ्यासाठी जे खोटं बोललात, तेच मी स्वतःसाठी पुन्हा बोलले, आणि या वेळी मला कुणी मारणार नव्हतं, कुणाचा हात जाणार नव्हता.

जाताना तिनं मला तिचा पत्ता लिहून दिला आहे. काही आठवलं तर कळवा म्हणाली. दोन ओळींचं इंग्रजी पत्र मला लिहिता येतं, त्यासाठी शब्दकोशही लागणार नाही. चार दिवस रोज सकाळी कागद घेऊन बसते आहे. आज पानामागून पान लिहून झालं ते मात्र तुम्हाला. तिला लिहिलं असतं, तर ते टपालात टाकावं लागलं असतं.